इंदूचं वाक्य बदलायचं नाही

इंदू,

तुझ्याबद्दल पेपरांत जे छापून आलंय, त्यातलं एक वाक्य मला सकाळपासून टोचतंय. नामवंत ब्रिटिश अभिनेत्री आणि पटकथालेखिका इंदू हार्टली यांनी आजारपणानंतरचा काळ सौदी अरेबियात, मुलाच्या घरी शांतपणे घालवला, असं कुणीतरी लिहिलंय. शांतपणे! तू उशा फेकत होतीस, डॅनियल सारखं तुझं ब्लडप्रेशर मोजत होता, आणि मी लिफ्टसमोर उभी राहून डोळे पुसून मगच घरी जात होते. त्या लेखावर तुझी लाल पेन्सिल फिरली असती तर तो शब्द सगळ्यात आधी उडाला असता.

तू गेलीस हे मला डॅनियलच्या मेसेजवरून कळलं. झोयाला शाळेतून आणायला गेले होते, गाड्यांच्या रांगेत होते. मेसेज वाचला, मागच्यानं हॉर्न वाजवला, मी गाडी पुढे घेतली. झोया आत बसली आणि म्हणाली, "मम्मी, व्हाय आर यू क्राइंग?" मी म्हटलं, "एसीची हवा डोळ्यांत जातेय." तिनं हात लांब करून एसीची जाळी वळवली.

आमच्यात कुणी गेलं की आधी दुआ मागतात. मी मागितली. तुला चालली असती की नाही, कोण जाणे. तू मला कधी काही मागू दिलं नाहीस, सगळं स्वतःच मागत आलीस.

पहिल्यांदा मागितलंस ते पाणी. तुला आठवत असेल का? डॅनियलकडे थोड्या दिवसांसाठी म्हणून खोबरला आलीस आणि इथंच तुला झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टरांनी डॅनियलला सांगितलं की समजतं सगळं, पण तोंडातून निघतं ते असंबद्ध आहे. वॉर्डातली केरळची नर्स मात्र मला शोधत खाली आली. म्हणाली, "मॅडम, ती बाई पानी पानी करते. हिंदी आहे का बघा." मी वर आले. तू खिडकीकडे तोंड करून पडली होतीस. मी हिंदीत काहीतरी विचारलं. तू मान वळवलीस आणि वैतागून म्हणालीस, "पाणी दे की गं! कवापासनं सांगाय लागलेय!"

मी श्रीवर्धनची. मराठी शाळेत शिकलेली, घरी आमची कोकणी मराठी बोलणारी. स्पीच थेरपिस्ट म्हणून या हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली, पण इथल्या पेशंटच्या तोंडून मिरजेकडचं मराठी कधी ऐकलं नव्हतं. पाणी द्यायचं सोडून मी विचारलं, "तुम्ही मराठी?" तू माझ्याकडे असं पाहिलंस की बावळट ती मीच.

डॅनियलला तर धक्काच बसला. आपल्या आईचा जन्म मिरजेचा आहे, एवढंच त्याला माहीत होतं. तिला ती भाषा येते, हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. तुझी आई नर्स, नोकरीसाठी इंग्लंडला गेलेली. शाळेनं सांगितलं की मुलीशी घरातही इंग्रजीच बोला, तेव्हा त्या माउलीनं एका दिवसात मराठी बंद केलं. म्हणजे तुझं मराठी तिथंच थांबलं, लहान मुलीच्या वयात. आणि पुढं आयुष्यभर कमावलेलं इंग्रजी, ज्याच्यावर तू नाव मिळवलंस, ते एका सकाळी गेलं आणि खालून हे वर आलं. असं क्वचित होतं. आम्ही ते पुस्तकात शिकतो, समोर मी पहिल्यांदाच पाहत होते.

सत्तरी ओलांडलेली, जगानं डोक्यावर घेतलेली बाई मला डोक्याला हात लावून सांगत होती, "इथं बाऊ झाला." मी हसू की रडू?

मी तुला 'मावशी' म्हटलं, 'तुम्ही' म्हटलं. तुला 'तुम्ही' कळेचना. घरात तुला कुणी कधी 'तुम्ही' म्हटलंच नव्हतं. तू मोठ्या डॉक्टरांनाही 'तू' म्हणायचीस, आणि त्यांना मराठी येत नाही म्हणून मी सुटायचे. शेवटी एकदा तू माझ्या छातीवर बोट टेकवलंस, "समीना." मग स्वतःच्या, "इंदू." झालं. माझ्या अम्मीच्या वयाच्या बाईला मी नावानं हाक मारू लागले. घरी नवऱ्याला सांगितलं तर इरफान म्हणाला, "अदब काही आहे की नाही?" मी म्हटलं, तूच येऊन सांग तिला.

घरी सोडल्यावर मी आठवड्यातून काही दुपारी डॅनियलच्या फ्लॅटवर यायचे. समुद्र दिसायचा, पण तुला पडदे ओढलेले हवे असायचे, उजेडानं डोकं दुखायचं. माझा जीव मात्र सदैव टांगणीला. तू एखाद्या शब्दाला अडलीस आणि चेहरा लाल झाला की मला वाटायचं, झाला दुसरा झटका. घरी परतताना फोन वाजला तरी मी आधी गाडी कडेला घ्यायचे. तुला सांगते, इतके पेशंट पाहिले, पण कुणाचाही फोन मी असा घाबरत घेतला नाही.

शब्द परत येत होते, पण त्यांच्या मर्जीनं. इंग्रजीतून आधी आल्या त्या शिव्या. डॅनियल लाजून लाल व्हायचा आणि तू खूश. मग एकेक सुटा शब्द. तुझ्या नाटक-सिनेमातल्या दिवसांबद्दल मी जे ऐकलं ते डॅनियलकडून, आणि त्यात तुझ्या दुरुस्त्यांसकट.

एकदा तो मला तुझ्या सुरुवातीच्या सिनेमाची गोष्ट सांगत होता. त्या काळात तुला मिळायच्या त्या नर्स, दुकानदाराची बायको, नाहीतर रडणारी नवरी. दिग्दर्शक सांगायचे, उच्चार जरा 'तिकडचे' काढ. तुझे उच्चार तर पक्के इंग्लंडचे. म्हणून तू शेजारच्या पंजाबी बाईकडे जाऊन तिचे हेल शिकून आलीस! त्या सिनेमात तू नर्स होतीस आणि तुला दोनच वाक्यं होती. 'हो, डॉक्टर' आणि 'आणते, डॉक्टर'. खाटेवरचा पेशंट मरतो, डॉक्टर निघून जातो, तू चादर ओढायची आणि दृश्य संपायचं. कॅमेरा चालू असताना तू चादर अर्ध्यावर धरून डॉक्टरला थांबवलंस आणि विचारलंस, 'यांचं नाव काय होतं?'

"दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं ठेवलं," डॅनियल म्हणाला.

तू डाव्या हातानं टेबलावर थाप मारलीस. "नाही! ओरडला!"

"आई म्हणते, तो ओरडला," मी सांगितलं.

"लई ओरडला! मग... मग..." शब्द येईना. तू डोळे मिटलेस. मग तू काही न बोलता त्या दिग्दर्शकाची नक्कल केलीस. आधी फुगलेले गाल, मग भुवया, मग दुसऱ्या दिवशी ते दृश्य पडद्यावर पाहताना हळूहळू निवळत गेलेला चेहरा. अर्धा चेहरा तुझ्या ताब्यात नव्हता, इंदू. उरलेल्या अर्ध्यावर तू तो अख्खा माणूस आमच्यासमोर उभा केलास. तोवर माझ्यासाठी तू पेशंट होतीस. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की मी कोणासमोर बसलेय.

त्या एका वाक्यापासून तू लिहायला लागलीस. नंतरची तुझी नाटकं, मालिका, बक्षिसं याबद्दल पेपरवाल्यांनी लिहिलंय, मी कशाला लिहू? मला ठाऊक आहे ते एवढंच, की दुसऱ्यांनी तुझ्या तोंडी घातलेली वाक्यं तू पुष्कळ वर्षं बोललीस. नंतर स्वतः लिहिलीस आणि कुणाला त्यातली मात्रा हलवू दिली नाहीस.

आणि मी नेमकी तीच हलवली.

ते भांडण आपलं संपलं नाही. आज एकटीनंच पुढं नेते.

डॅनियलनं त्या दिवशी ऑफिसातून लवकर येऊन मला थांबवून घेतलं होतं. व्हिजिट व्हिसाची मुदत वाढवून मिळाली म्हणून खुशीत होता. म्हणाला, "समीना, आईला नीट समजावून विचार. तिकडचं घर मी विकायला काढू का? ती एकटी राहू शकणार नाही. माझ्याजवळ राहील, मी सगळं बघेन." त्याच्या आवाजात प्रेम होतं, इंदू. भीतीही होती. तुला त्याचं इंग्रजी सगळं समजत होतं. मी विचारायच्या आधीच तू बोलायला लागलीस, आणि पहिल्यांदाच एका दमात, न अडखळता.

"माझं घर विकलास तर तुझं तोंड बघणार नाही. मला इथं मरायचं नाही. तू माझा बाप नाहीस."

डॅनियल माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "त्या म्हणतात, घराशी त्यांच्या खूप आठवणी आहेत. विचार करायला थोडा वेळ हवाय."

चमचा माझ्या कानाजवळून गेला. त्यामागून कप. "खोटं! खोटारडी!" तू ओरडलीस, आणि मग स्वच्छ, ठणठणीत इंग्रजीत, "माय लाइन!"

शिव्या सोडल्या तर झटक्यानंतरचे तुझे जोडून आलेले पहिले इंग्रजी शब्द. माय लाइन, माझं वाक्य. थेरपिस्ट म्हणून मी उडी मारायला हवी होती. मी वाकून चमचा उचलला. डॅनियलनं विचारलं, "ती खरं काय म्हणाली?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस. मग मी सांगितलं, जसंच्या तसं. बापापर्यंत.

तो उठून गॅलरीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. खाली समुद्राकाठच्या कॉर्निशवर लोक मुलांना घेऊन फिरत होते आणि तो कठड्याला धरून पाठमोरा उभा होता. तू त्या पाठीकडे बघत होतीस. तुझे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तुला आणखी काही म्हणायचं होतं का? मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

घरी आल्यावर इरफान संतापला. "तुला कुणी सांगितलं होतं मायलेकांच्या मधे पडायला? तक्रार केली त्यानं तर नोकरी खलास. इथं राहायचा तुझा इकामा हॉस्पिटलच्या नावावर आहे, विसरलीस?" विसरले नव्हते. पुढचे कितीतरी दिवस सुपरवायझरनं हाक मारली की मला वाटायचं, झाली तक्रार. तक्रार झाली नाही. डॅनियलचा मेसेज आला, 'नेहमीच्या वेळी ये.' लिफ्टमधून उतरल्यावर दारातच तो मला हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण पुन्हा करू नकोस."

तू मला बराच काळ माफ केलं नाहीस. मी तुला म्हटलं होतं, "रागात माणूस जे बोलतं ते त्याच्या मनातलं असतंच असं नाही. मी थोडं सांभाळून घेतलं, एवढंच." तू किती तरी वेळ शब्द शोधत होतीस. मग म्हणालीस, "ते मी ठरवणार." मला अजून पूर्ण पटलेलं नाही, बरं का. आजारी माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या मधे उभं राहायचं तर हात थोडा मऊ ठेवावा लागतो. माझं कामच ते. तू म्हणशील, मी पेशंट नाही, लेखिका आहे. म्हण. आता कोण अडवतंय तुला?

घर विकलं गेलं नाही. उलट त्याच सुमाराला तिकडच्या निर्मातीचा फोन आला. आजाराआधी तू दोन बहिणींवरची पटकथा पूर्ण केली होतीस आणि थोरल्या बहिणीचं काम तू करणार होतीस. व्हिडिओ कॉलवर ती फार गोड बोलत होती. तू एक वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवणार होतीस. आठवडाभर आपण त्याचीच घोकंपट्टी केली होती. माझ्यासमोर ते तुला येत होतं. तिच्यासमोर पहिल्या शब्दावर अडलं. पुन्हा केलंस. पुन्हा अडलं. डॅनियलनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तो तू झटकलास. निर्माती म्हणाली, "इंदू, डियर, घाई नाही." ती 'घाई नाही' म्हणाली तेव्हाच आपल्या तिघांनाही कळलं की भूमिका गेली.

मला वाटलं, आता तू भिंतीकडे तोंड करशील. झोपले नाही मी त्या दिवसांत. पण पुढच्या खेपेला आले तर टेबलावर पटकथेचे कागद पसरलेले आणि तुझ्या डाव्या हातात लाल पेन्सिल. "वाच," म्हणालीस.

लिहिणं तुला जमत नव्हतं. नवा शब्द हाताला येत नव्हता. पण नको तो शब्द कोणता, हे कळत होतं. मी इंग्रजी संवाद मोठ्यानं वाचायचे, तू टेबलावर थाप मारलीस की तिथं काट. माझे श्रीवर्धनचे उच्चार ऐकून तू पोट धरून हसायचीस. "तोंड उघड की!" म्हणत माझी हनुवटी खाली ओढायचीस. पेशंट कोण आणि थेरपिस्ट कोण, काही राहिलंच नाही. पानंच्या पानं काटलीस तू. एका जागी धाकटी बहीण थोरलीची माफी मागते असं लांबलचक भाषण होतं. तू सगळं उडवलंस. मी म्हटलं, "अगं, मग ती माफी कशी मागणार?" तू उठून, भिंतीला धरत जाऊन, माझ्यासमोरचा चहाचा कप उचललास, गार झालेला चहा ओतून टाकलास आणि किटलीतला गरम चहा ओतून पुन्हा माझ्यासमोर ठेवलास. निम्मा सांडला. मी उरलेला प्यायले.

आणि मग तू म्हणालीस, "मला भुर्र जायचंय." तालमींना. भूमिका नसली तरी लेखिका म्हणून.

मी नको म्हटलं. तुला, डॅनियलला, डॉक्टरांना, सगळ्यांना. दम्माम ते लंडन एवढा प्रवास, ब्लडप्रेशर वर-खाली, तिकडे तुझं मराठी कुणाला समजणार? डॉक्टरांनी परवानगी दिली. डॅनियलनं रजा काढली. मला वाटलं होतं की निदान तो तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो म्हणाला, "तिनं स्पष्ट सांगितलंय, समीना. तूच तर भाषांतर केलंस."

दम्मामच्या विमानतळावर तू व्हीलचेअरवर होतीस, ओठांना लिपस्टिक लावून. मी खजूर आणले होते. मला म्हणायचं होतं, अजून थांब. म्हणायचं होतं, तू मला माझं लहानपणचं तोंड परत दिलंस. इथं मी दिवसभर इंग्रजी, हिंदी आणि मोडकं अरबी बोलते, पोरगी इंग्रजीत उत्तर देते. आठवड्यातल्या त्या दुपारीच मी पोटभर बोलायचे. यातलं काहीच बोलले नाही. "गोळ्या वेळेवर घे," म्हटलं. तू माझी हनुवटी धरलीस, हलवलीस आणि गेलीस.

तिकडून डॅनियलनं एक व्हिडिओ पाठवला होता. तालमीच्या खोलीत सगळे वाचतायत, थोरल्या बहिणीच्या जागी दुसरी कुणी नटी, आणि तू कोपऱ्यातून टेबलावर थाप मारतेस. खोलीभर माणसं दचकतात. मी तो झोयाला दाखवला. काही आठवड्यांनी दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, प्रवासाशी संबंध नाही. डॉक्टर असं म्हणतात. मीही पेशंटच्या घरच्यांना असंच सांगते.

म्हणून आज दुपारी डॅनियलचा फोन आला तेव्हा मी घाबरले. तो तिकडेच आहे, तुझं घर आवरतोय. तो विचारणार, आपण तिला जाऊ द्यायला नको होतं का? मी काय सांगणार होते? वाजू दिला, आणि बंद व्हायच्या आत उचलला.

त्यानं ते विचारलं नाही. म्हणाला, "शेवटच्या दुपारी मी तिच्याजवळ होतो. ती एकच गोष्ट परत परत म्हणत होती. मराठीत. मला काही कळलं नाही. मी नुसतं 'हो आई, हो आई' म्हणत राहिलो. मी पाठ करून ठेवलंय. तुला सांगू?"

"सांग."

"जेव... लास... का."

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग मीच त्याला दोन्ही म्हणून दाखवलं, 'जेवलीस का' आणि 'जेवलास का', आणि विचारलं, "यातलं कोणतं? नीट आठव." मला इतकी धास्ती कधी वाटली नव्हती, इंदू. तुझ्या आईनं तुला लहानपणी विचारलं असेल ते 'जेवलीस का' असंच. डोकं मिटत चाललेलं माणूस जुनं वाक्य ऐकलं तसंच बोलतं, त्यात काही बदलू शकत नाही. 'लीस' असतं तर तू मिरजेला पोचली होतीस, आणि डॅनियल त्या खोलीत एकटाच होता.

"लास," तो म्हणाला. "नक्की लास. ती माझ्याकडे बघत होती."

माझ्या तोंडाशी किती काय आलं. आपल्याकडे आई हे केव्हा विचारते, त्यात किती काय येतं, तुला त्याला माफ करायचं होतं, त्याची माफी मागायची होती. सगळं जिभेवर होतं. मी ते गिळलं.

"ती विचारत होती, तू जेवलास का," मी म्हटलं. "मुलीला विचारताना वेगळं म्हणतात. हे मुलाला. तुला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नव्हतो जेवलो."